स्मूदी बाऊल (नागपूर)

स्मूदी बाऊल : गोठवलेली फळे घट्ट वाटून वाडग्यात काढायची, वरून ताज्या फोडी, दाणे, बिया किंवा लाह्या घालायच्या आणि चमच्याने खायचे, असा थंड पदार्थ. स्मूदी म्हणजे फळे वाटून केलेले पेय; ती पेल्यातून पितात, बाऊल चमच्याने खातात. वरचे जिन्नस बुडता कामा नयेत इतका गर घट्ट हवा. या पदार्थातले सगळे कसब तिथेच आहे. दूध, दही आणि मध वगळले की तो पूर्णपणे वनस्पतीजन्य होतो. मराठी घरात केळ्याचे शिकरण आणि वाटीतला आमरस ही त्याची जुनी भावंडे आहेत. शिकरणातले दूध काढून केळे गोठवले तर आपण बाऊलच्या अगदी जवळ येतो.

आजच्या रूपाचे मूळ ब्राझीलमध्ये आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, विशेषतः पारा राज्यात, असाई या ताडवर्गीय झाडाच्या जांभळ्या फळांचा गर जेवणात कसाव्याच्या (ज्याचा साबुदाणा करतात त्या कंदाच्या) पिठाबरोबर आणि माशांबरोबर खातात. हे फळ तोडल्यावर फार लवकर खराब होते, म्हणून गर गोठवून बाहेर पाठवला जाऊ लागला. रिओ दे जानेरोच्या किनाऱ्यावर त्यात केळे मिसळले गेले, तिथून तो हवाई आणि कॅलिफोर्नियात पोचला. भारतात असाई येते ती भुकटी किंवा गोठवलेला गर म्हणूनच. नागपुरात तिच्यावर पैसे घालण्याचे काही कारण नाही. शहर २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. आंबा, पपई, जाम (पेरूला इकडे जामच म्हणतात) आणि सीताफळ ही इथली रोजची फळे आहेत. केळी खानदेशातून, अननस दक्षिणेतून येतो, आणि शहरातल्या कळमन्याच्या घाऊक बाजारात उन्हाळ्यात आंध्र-तेलंगणातल्या बैंगनपल्ली आंब्याची मोठी आवक असते. हा आंबा या कामाला उत्तम, कारण त्याच्या गराला रेषा जवळजवळ नसतात. रेषेचा गावरान आंबा चवीला सरस असला तरी तो आधी गाळून घ्यावा लागतो.

नागपुरात बाऊल करायचा तर पहिला प्रश्न संत्र्याचा. संत्रे हे खरे तर उपोष्ण कटिबंधातले फळ, पण ते वगळून इथला बाऊल कोण करील? नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी देशाची केंद्रीय संस्थाही याच शहरात आहे. तरीही अनेकांचा पहिला बाऊल संत्र्यामुळेच बिघडतो. सकाळी फोडी मिक्सरमधून फिरवल्या तेव्हा गोड लागलेला गर फ्रीजमध्ये ठेवून दुपारी काढला की जिभेच्या मागच्या बाजूला कडू लागतो. मग संत्रे शिळे होते असे वाटते. संत्र्याचा यात दोष नाही. फोडीचा पापुद्रा, आतला पांढरा दोरा आणि विशेषतः बी यांत एक बेचव द्रव्य असते. पेशी फुटून ते आंबट रसात मिसळले की त्याचे हळूहळू लिमोनिन या कडू पदार्थात रूपांतर होते. अखंड फोडीत ही क्रिया घडत नाही, वाटलेल्या गरात घडते, आणि वेळ जाईल तसा कडूपणा वाढतो. बी पात्याखाली चिरडली गेली तर सर्वांत जास्त.

म्हणून नागपुरी संत्रे वाटायचे नाही, वर ठेवायचे. सैल सालीचे असल्याने ते हाताने झटकन सुटते. फोडीच्या आतल्या कडेला नखाने चीर द्यावी, बी काढावी आणि पापुद्रा उलटा ओढावा. केशरी गराची पाकळी अख्खी हातात येते. आंब्याच्या किंवा पपईच्या गरावर अशा आठ-दहा पाकळ्या मांडल्या की गोडाला आंबट मिळते आणि दाताखाली रस फुटतो. गरातच संत्र्याची चव हवी असेल तर वाढायच्या अगदी आधी हाताने पिळलेला दोन चमचे रस घालावा आणि बाऊल लगेच संपवावा.

गराचा पाया मात्र केळ्याचा. पिकलेल्या केळ्यातले पेक्टिन आणि उरलेले स्टार्च यांमुळे ते गोठवून वाटले की दुधाशिवायही मलईसारखे होते. सालीवर काळे ठिपके आलेले केळे घ्यावे. हिरवट केळ्याचा गर खडूसारखा लागतो. साल काढूनच गोठवावे, नाहीतर साल काळी पडून गराला चिकटते. चकत्या ताटलीत एकमेकींना न चिकटता पसरून रात्रभर ठेवाव्यात आणि मग डब्यात भराव्यात. दोन केळी, वाटीभर गोठवलेला आंबा किंवा पपई आणि पाव वाटीपेक्षा कमी पातळ पदार्थ एवढे एका वाडग्याला पुरते.

घरचा मिक्सर वाटणासाठी आणि चटणीसाठी बनवलेला असतो. दगडासारखी गोठलेली फळे त्याला झेपत नाहीत. पाते अडकते, मोटर गुरगुरते आणि तळाशी असलेले लाल बटण बाहेर येऊन मिक्सर बंद पडतो. ते बटण म्हणजे मोटरवर जास्त भार आल्याची खूण. पाच-दहा मिनिटे थांबून ते आत दाबले की मिक्सर पुन्हा चालतो. त्यापेक्षा फळे बाहेर काढून तीन-चार मिनिटे थांबावे, भांड्यात आधी पातळ पदार्थ आणि त्यावर फळे घालावीत, थांबत थांबत झटके द्यावेत आणि मध्ये चमच्याने गर खाली ढकलावा. जास्त पाणी ओतून सोय करायचा मोह होतो, पण मग बाऊलची स्मूदी होते.

पातळ पदार्थासाठी नारळाचे दूध सर्वांत सोयीचे, आंबट फळांबरोबरही ते निभावते. सोयाचे दूध आंबटाने फाटते. विदर्भातल्या घराला परवडणारे म्हणजे शेंगदाण्याचे दूध : दाणे सहा-आठ तास भिजवून, वाटून, गाळून एक उकळी आणायची, म्हणजे कच्चा वास जातो. अननस घालणार असाल तर दाण्याच्या किंवा सोयाच्या दुधात तो वाटून ठेवू नये. अननसातले ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिने तोडते आणि गर पाणचट होतो.

वरून घालायला विदेशी बियांची पाकिटे आणावीत असे नाही. चियाच्या जागी सब्जा भिजवून चालतो. जवस तर विदर्भात घरोघरी चटणीसाठी असतेच. भाजून भरड कुटून घालावे, कारण अख्खे जवस न पचता तसेच बाहेर पडते आणि त्यातला ओमेगा-३ अंगी लागत नाही. नागपंचमीला आणलेल्या ज्वारीच्या लाह्या उरल्या असतील तर त्या छान कुरकुरीत लागतात, पण शेवटच्या क्षणी घालाव्यात. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातली चारोळी मिळाली तर तिच्यापुढे बदाम फिका.

आरोग्याच्या नावाखाली या पदार्थाबद्दल बरेच फाजील बोलले जाते. फळ अख्खे वाटले जात असल्याने रसापेक्षा तंतू जास्त राहतात, हे खरे. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आहारमार्गदर्शनात २००० किलोकॅलरींच्या दिवसाला सुमारे १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत, आणि वरचा वाडगा एकट्यानेच त्याच्या तिप्पट होतो. त्यावर खजूर, गूळ घातला की ते मिष्टान्नच. प्रथिनेही फळांत नगण्य. मूठभर दाणे घातल्याशिवाय ही न्याहारी पोटाला आधार देत नाही. मधुमेह असलेल्यांनी वाटीएवढाच घ्यावा, तोही डॉक्टरांना विचारून. दूध-दही वगळलेले असल्याने ब१२ जीवनसत्त्वही यातून मिळत नाही.

ऋतूंचा मेळ साधण्यासाठी थोडे नियोजन लागते. आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या अखेरीस फुललेल्या झाडांची) संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांची) फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत येतात. आंबा भरात येतो तेव्हा संत्री संपत आलेली असतात. त्यामुळे जूनमध्ये आंब्याच्या फोडी गोठवून ठेवणारी घरे नोव्हेंबरात दोन्हींची गाठ घालून देतात. दसऱ्याच्या आसपास सीताफळ येते. त्याचा गर मुळातच मलईदार असल्याने केळे लागत नाही, पण प्रत्येक बी हाताने काढलीच पाहिजे : ती विषारी असते आणि मिक्सरमध्ये फुटली तर सगळा गर टाकून द्यावा लागतो.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा वाढलेला बाऊल पाहता पाहता वितळतो. यासाठी स्टीलचा वाडगा अर्धा तास आधी फ्रीझरमध्ये ठेवतात, आंब्याच्या फोडी आधीच सोलून तयार असतात, आणि मिक्सर फिरवण्याचे काम सगळे जण पाटावर बसल्यावर होते.