काचेवर उमटलेला होला

सकाळी खिडकी उघडायला गेले तर बाहेरून काचेवर होला बसलेला दिसला. नीट बघितलं तर होला नव्हताच, त्याचा छाप होता. दोन्ही पंख पसरलेले, मधे छातीचा गोल, मान एका बाजूला वळलेली, आणि पंखातलं एकेक पीस मोजता येईल इतका स्वच्छ, जणू कुणी टाल्कम पावडरीत बुडवून शिक्का मारलाय. होले-पारव्यांची काही खास पिसं सतत बारीक भुकटी होऊन झडत असतात आणि ती भुकटी सगळ्या अंगावर पसरलेली असते, जोरात आपटला की तीच काचेवर राहते. खाली वाकून बघितलं, काहीच नव्हतं. वाटलं, चला, उडून गेला असेल.

पण असं समजण्यातच सगळी गोची आहे. आपटून उडालेला पक्षी वाचला असं नसतं, बऱ्याचदा तो जवळच्या झुडपात जाऊन बसतो आणि मेंदूत रक्तस्राव होऊन काही तासांनी मरतो. जो जागेवरच मरतो त्याला मांजर नेतं, कावळा नेतो, नाहीतर सकाळी झाडणारा माणूस कचऱ्यात टाकतो. म्हणजे काच पक्ष्याला दिसत नाही आणि मेलेला पक्षी आपल्याला दिसत नाही.

किती मरतात? अमेरिकेत डॅनियल क्लेम नावाचे पक्षिशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून याच्या मागे लागलेत. १९९० मध्ये त्यांनी अंदाज मांडला की एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी ते १०० कोटी पक्षी काचांवर आपटून मरतात. पुढे २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला तर ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी आले, म्हणजे क्लेम फार चुकले नव्हते. आणि यातली मला सगळ्यात हादरवणारी गोष्ट म्हणजे उंच टॉवर्सचा वाटा १ टक्क्याहूनही कमी! ५६ टक्के मृत्यू मध्यम उंचीच्या बिल्डिंगांवर आणि ४४ टक्के साध्या घरांवर. टॉवर एकेकटा जास्त पक्षी मारतो हे खरंय, पण ते असतात किती? घरं कोट्यवधी आहेत, प्रत्येक घराने वर्षाला दोन-चार पक्षी मारले तरी बेरीज कुठच्या कुठे जाते.

आता पक्ष्याची नजर इतकी तीक्ष्ण, मग काच कशी दिसत नाही? तर काच आपल्यालाही दिसत नाही, आपण फ्रेम बघतो, हँडल बघतो आणि अंदाज बांधतो (तरी मॉलच्या दारावर नाक आपटलेले लोक सगळ्यांच्या ओळखीत असतातच). पक्ष्याला हे संकेत कळत नाहीत. दिवसा बाहेरून काच आरशासारखी असते, त्यात समोरचं झाड, आकाश जसंच्या तसं दिसतं आणि पक्षी त्या झाडाकडेच निघालेला असतो, फुल स्पीडने. त्यात बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना, शत्रू कुठूनही आला तरी दिसावा म्हणून, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना एकदम दिसणारा समोरचा भाग अरुंद असतो. गाडीच्या आरशाशी भांडणारा बुलबुल मात्र वेगळी केस आहे हां, त्याला आरशात दुसरा नर दिसतोय आणि तो हद्दीसाठी मारामारी करतोय. दमतो बिचारा, पण सहसा मरत नाही.

रात्रीचं प्रकरण अजून वाईट. खूपसे छोटे पक्षी स्थलांतर रात्री करतात, तारे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र यांच्या मदतीने, आणि झगमगाट दिसला की त्याच्याकडे ओढले जातात, भरकटतात. न्यूयॉर्कमध्ये दर ११ सप्टेंबरला ९/११ च्या स्मरणार्थ प्रकाशाचे दोन प्रचंड झोत आकाशात सोडतात. २०१७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की सात वर्षांतल्या फक्त सात रात्रींत सुमारे ११ लाख पक्षी त्या झोतांमुळे भरकटले, घिरट्या घालत राहिले. पण लाइट बंद केले की काही मिनिटांत पांगायचे. तिथे आता स्वयंसेवक रात्रभर वर बघत मोजत बसतात आणि झोतात १००० च्या आसपास पक्षी अडकले की लाइट २० मिनिटं बंद करायला लावतात. मला हे फार आवडलं, कारण यात कुणाला कार्यक्रम रद्द करा म्हणायची वेळच आली नाही.

मोजण्यावरून शिकागोचे डेव्हिड विलार्ड आठवतात. ते तिथल्या फील्ड म्युझियममध्ये पक्ष्यांचा संग्रह सांभाळायचे. १९७८ मध्ये कुणीतरी म्हणालं की तलावाकाठच्या मॅककॉर्मिक प्लेस या काचेच्या अवाढव्य कन्व्हेन्शन सेंटरवर पक्षी आपटतात, म्हणून हे सहज चक्कर मारायला गेले, दोन मेलेले पक्षी मिळाले, आणि मग स्थलांतराच्या सीझनमध्ये पहाटे तिथे जायचा नेमच झाला. पुढची चाळीसेक वर्षं. प्रत्येक पक्षी उचलायचा, पाय मोजायचा, पंख मोजायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं. या मोजमापांतून २०१९ मध्ये काय बाहेर आलं माहितीये? ५२ जातींचे ७०,७१६ पक्षी, आणि १९७८ ते २०१६ या काळात त्यांचे पाय (अंगाचा आकार यावरून ठरवतात) सरासरी २.४ टक्के आखूड झालेत, पंख मात्र १.३ टक्के लांब! तापमानवाढीसोबत पक्षी लहान होतायत, आणि हे कळलं कशातून तर काचेवर मेलेल्या पक्ष्यांतून.

त्याच नोंदींवरून २०२१ मध्ये हेही दिसलं की रात्री उजळलेल्या खिडक्या कमीत कमी ठेवल्या तर तिथले मृत्यू ६० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. तरी ५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी त्या एकाच बिल्डिंगच्या पायथ्याशी जवळपास १००० पक्षी मरून पडलेले मिळाले. फोटो जगभर फिरले, लोक भडकले, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली गेली. पुढच्या सीझनला मृत्यू ९५ टक्क्यांच्या आसपास घटले. ठिपके! एवढंच.

ठिपक्यांमागचं लॉजिक सोपं आहे. छोटा पक्षी फांद्यांमधून घुसताना आपलं अंग मावेल का ते बघतो, फट साधारण ५ सेंटीमीटरपेक्षा लहान वाटली तर तिथून जायला बघत नाही. म्हणून काचभर उभ्या-आडव्या ५-५ सेंटीमीटरवर खुणा हव्यात. ससाण्याच्या आकाराचा एकच काळा स्टिकर लावतात ना, त्याचा उपयोग जवळपास शून्य, पक्षी त्याला घाबरत नाहीत, फक्त तेवढी जागा चुकवून शेजारच्या काचेवर आपटतात. आणि खुणा काचेच्या बाहेरच्या बाजूला हव्यात, कारण प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर असतं, आतून चिकटवलेलं त्याच्यामागे दडून जातं.

आपटून बधिर झालेला पक्षी सापडला तर पाणी पाजू नका, खायला घालू नका, कुरवाळू तर नकाच. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला कापड, झाकण बंद, अंधारात शांत जागी ठेवायचा. तासाभराने खोका बाहेर नेऊन उघडायचा. उडाला तर उडाला, नाहीतर जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या माणसाकडे.

माझ्या खिडकीवर मी पांढऱ्या पेंट मार्करने ठिपके काढलेत, पट्टी लावून, दोन दुपारी गेल्या आणि तिसरी ओळ वाकडी आलीये. होल्याचा छाप पुसला नव्हता, तो पहिल्याच पावसात गेला.