नवीन कॅमेरा घ्यायचा, की आहे त्यावरच काम भागेल?
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आम्ही कॅमेरे विकतो आणि दुरुस्तही करतो. त्यामुळे बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बदलून कोणाचे फोटो सुधारले आणि कोणाचे होते तसेच राहिले, हे आम्हाला जवळून दिसतं. "कॅमेरा जुना झालाय, आता कोणता घेऊ?" असं विचारत कोणी आलं, की आम्ही आधी त्यांचे फसलेले फोटो मागतो. मॉडेलचं नंतर बघता येतं.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले नकोत, तिथे ते दाबले जातात आणि बारकावे निघून जातात. कार्डातल्या मूळ फाइल आणा. मोठ्या स्क्रीनवर फोटो पूर्ण मोठा केला, की दोष बहुतेक वेळा आपणहून दिसतो. अख्खं चित्र एकाच दिशेला ओढल्यासारखं असेल, तर हात हललाय. मागची भिंत लख्ख आणि माणसाचा हात तेवढा पुसट, म्हणजे शटर स्पीड कमी पडला (शटर जास्त वेळ उघडं राहिलं). कानातले झुबे स्पष्ट आणि डोळे धूसर, तर फोकस चुकलाय. सगळं जागच्या जागी आहे पण सावलीत दाणे दिसतात, तर उजेड कमी होता. लोक येऊन "क्लॅरिटी नाही" एवढंच सांगतात, पण या चारही दोषांवर उपाय वेगवेगळे आहेत आणि त्यांतले बरेचसे नव्या बॉडीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. बारशाचा फोटो, हॉलमध्ये ट्यूबलाइटचा उजेड, कॅमेरा निकॉन डी५३००, लेन्स सोबत मिळालेली १८-५५. फाइलची माहिती उघडली तर शटर १/३० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ५.६ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ १६०० (उजेड टिपण्याची संवेदनशीलता). पाळण्याशी वाकलेली आत्या ठीक आलीय, पण बाळाची मूठ पुसली गेलीय. इथे कॅमेऱ्याचा दोष नाही. ती लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही. त्याच बॉडीला ५० मिमी एफ १.८ लेन्स लावली, तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. एफ २.८ वर ठेवली तरी चौपट येतो, म्हणजे आयएसओ न वाढवता शटर १/१२५ वर नेता येतं आणि मूठ मूठ दिसते. एफ १.८ वर मात्र जपून: बाळाच्या डोळ्यावर फोकस केला तर मागे असलेली आत्या धूसर होणारच. डी५३०० किंवा डी५६०० असेल तर लेन्स एएफ-एस प्रकारचीच (फोकसची मोटर लेन्समध्येच असलेली) घ्या, कारण या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. जुनी एएफ-डी लेन्स (स्वतःची मोटर नसलेली) बसेल, पण फोकस हातानेच करावा लागेल.

बऱ्याच नव्या बॉडींमध्ये स्थिरीकरण असतं, त्याबद्दल आवर्जून विचारलं जातं. ते उपयोगी आहे, पण ते आपल्या हाताचा कंप सावरतं. हलणाऱ्या बाळावर त्याचा इलाज नाही.

मेगापिक्सेलचं थोडक्यात. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर २० बाय १३ इंचांची उत्तम प्रिंट निघते. अल्बमच्या १२ बाय १८ पानाला तो पुरून उरतो. केवळ आकडा वाढवायचा म्हणून पैसे घालू नका.

बॉडी खरंच थकलीय का?

शटर हा झिजणारा भाग आहे. निकॉनच्या डी५६०० चं शटर कंपनीने १ लाख क्लिकला तपासलेलं आहे, डी७२०० चं दीड लाखाला, डी८५० चं २ लाखांना. त्या आकड्याला ते बंद पडतं असं नाही, पण ९० हजारांवर गेलेली बॉडी लग्नाच्या कामाला एकटी नेऊ नये असं आम्हाला वाटतं. निकॉनच्या मूळ फाइलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलना संगणकाला जोडून तो वाचावा लागतो.

बॅटरी लवकर उतरणं, ग्रिपचं रबर सुटणं, एफ १६ वर आकाशात काळे ठिपके दिसणं (ती सेन्सरवरची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या भागावरची धूळ असते), ही कामं दुरुस्तीची आहेत. यांच्यासाठी कॅमेरा बदलायची गरज नाही.

बुरशीचं मात्र वेगळं. कोकणातून आणि घाटमाथ्यावरून पावसाळ्यानंतर येणाऱ्या लेन्समध्ये आम्हाला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. त्यामुळे फोटो धुकट येतो आणि दोष बॉडीला दिला जातो. ती लेन्स नव्या बॉडीला लावलीत तरी धुकं तसंच राहणार! लेन्स उघडी ठेवून मागून टॉर्चचा उजेड टाका आणि स्वतः बघा. बुरशी लवकर सापडली तर साफ होते. काचेवरचा थर तिने खाल्ला, तर डाग राहतो. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंडू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असू द्या.

बॉडी बदला, असं आम्ही कधी सांगतो?

लग्नाची कामं घेत असाल आणि बॉडीत एकच कार्ड बसत असेल तर. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात, आणि त्यानंतर कार्ड खराब निघालं तर ते परत घडवता येत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहिणारी बॉडी हाच इथे खरा विमा. पण नवं म्हणजे दोन कार्डं असं गृहीत धरू नका: २०१५ च्या डी७२०० मध्ये दोन कार्डं बसतात, २०१७ च्या डी७५०० मध्ये एकच. निकॉनच्याच २०१८ च्या झेड ६ मध्ये एक, २०२० च्या झेड ६-२ मध्ये दोन.

दुसरं कारण फोकस. भिगवणला उडणारे रोहित पक्षी टिपताना डीएसएलआरचे (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचे) फोकस बिंदू बरेचसे मध्यभागी दाटलेले असतात, पक्षी कडेला गेला की सुटतो. नव्या मिररलेस (आरसा नसलेल्या) बॉडी जवळजवळ सबंध चौकटीत फोकस धरतात आणि अनेक मॉडेल पक्ष्याचा डोळा ओळखतात. हा फरक मोठा आहे, तो लेन्स बदलून मिळत नाही.

ताडोबात पहाटेच्या सफारीला जाणारे फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) मागतात. त्याचा सेन्सर डी५३०० सारख्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने सव्वादोन पटींहून मोठा असल्याने अंधुक उजेडात फायदा नक्की होतो. मात्र लहान सेन्सरवर तुमची ३०० मिमी लेन्स ४५० इतकं जवळ आणत होती, ते फुल-फ्रेमवर राहणार नाही. वाघ लांब बसला तर आणखी लांब लेन्स लागेल. तो खर्च आधीच धरा.

कॅननचा १डी-एक्स मार्क ३ आणि निकॉनचा डी६ हे २०२० मध्ये आले. २०२० नंतर या दोन कंपन्यांनी नवा डीएसएलआर आणलेला नाही. म्हणून तुमचा डीएसएलआर निकामी होत नाही, पण नवी बॉडी घ्यायचीच असेल तर ती मिररलेस असावी असं आम्ही म्हणू.

मग जुन्या लेन्सचं काय? कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस (लहान सेन्सरसाठीच्या) लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आरएफ (मिररलेस) बॉडीवर छान चालतात, ऑटोफोकससह. फक्त २० मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम आर६ वर ईएफ-एस लेन्स लावली, की चौकट कापली जाते आणि ८ मेगापिक्सेलच्या आतला फोटो मिळतो. निकॉनच्या मिररलेससाठीच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो, एएफ-डीचा नाही.

हिशेब करताना बॉडीच्या किमतीवर थांबू नका. जादा बॅटरी, वेगवान कार्डं आणि अ‍ॅडॉप्टर हे आलंच. रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइल काढत असाल तर सॉफ्टवेअरही तपासा: लाइटरूम ६ हे जुनं फोटो-सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना नव्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल त्यात थेट उघडत नाहीत.

निर्णय होत नसेल तर स्वतःची लेन्स आणि रिकामं कार्ड घेऊन शक्यतो सकाळी या, तेव्हा गर्दी कमी असते. तुमची लेन्स नव्या बॉडीला लावून दुकानात आणि दारातल्या रहदारीवर फोटो काढा, तेच तुमच्या जुन्या बॉडीने काढा, आणि कार्ड घरी नेऊन निवांत बघा. घ्यायचं ठरलं आणि जुनी बॉडी एक्स्चेंजला द्यायची असेल, तर चार्जर, बॉडी कॅप आणि मूळ बिल सोबत आणा. बिल असेल तर भाव बरा देता येतो.