रक्त मूळव्याधीचं की आतड्याच्या कर्करोगाचं?

शौचाला रक्त दिसलं की बहुतेक जण बसल्या जागीच निदान करून टाकतात: मूळव्याध. बऱ्याचदा ते खरंही निघतं. पण मोठ्या आतड्याचा, विशेषतः गुदाशयाचा, म्हणजे त्याच्या अगदी शेवटच्या भागाचा, कर्करोगही असाच न दुखता, थोड्याशा रक्ताने सुरू होऊ शकतो. लाजेपोटी कुणाला सांगवत नाही आणि त्यात महिने जातात.

मूळव्याधीत गुदद्वाराजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात. कडक मळामुळे, कुंथल्यामुळे त्या खरचटतात आणि लालभडक रक्त येतं. ते मळाला वरून लागलेलं असतं किंवा शौच झाल्यावर थेंब थेंब गळतं. पोट साफ होऊ लागलं की थांबतं, बद्धकोष्ठ झालं की परत येतं. आतले मोड सहसा दुखत नाहीत. चिरल्यासारखी आग होत असेल तर बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर असते.

कर्करोगाची गाठ आतड्याच्या अस्तरातून वाढते. मळ तिला घासून पुढे सरकतो, म्हणून रक्त त्यात कालवलेलं, गडद, कधी चिकट आवेबरोबर येतं. तरी नुसत्या रंगावर विसंबू नका. गाठ गुदद्वाराजवळ असेल तर तिचं रक्तही लालभडकच दिसतं.

माझ्या मते रंगापेक्षा रोजची सवय जास्त सांगून जाते. वर्षानुवर्षं सकाळी एकदाच जाणाऱ्या माणसाला दिवसातून चारदा जावं लागतं, किंवा कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ असं आठवडेच्या आठवडे चालतं. सगळ्यात फसवी तक्रार म्हणजे 'जाऊन आलो, तरी अजून बाकी आहे' असं वाटणं. माणूस पुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, थोडी आव पडते, बाकी काही नाही. गुदाशयातली गाठच शरीराला अडकलेल्या मळासारखी जाणवत असते. कुंथायला लागतंय म्हणजे मूळव्याधच, असं समजून मलम लावलं जातं.

आतड्याच्या उजव्या भागातली गाठ तर बहुधा डोळ्यांना रक्त दाखवतच नाही. रोज थोडं थोडं झिरपत राहतं आणि जिना चढताना धाप लागू लागते. तपासणीत हिमोग्लोबिन कमी येतं, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. रक्त जातंय कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या बायकांत लोहाची कमतरता आढळली, तर आतड्याची तपासणी व्हायलाच हवी.

'मला दहा वर्षांपासून मूळव्याध आहे' हे उत्तर पुरेसं नाही. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात. वयाचाही भरवसा नाही. अभिनेता चॅडविक बोसमन 2020 साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेला, तेव्हा तो 43 वर्षांचा होता.

डॉक्टर आधी बोट घालून आणि छोट्या नळीतून गुदद्वार तपासतात. मोड, फिशर आणि हाताला लागणारी गाठ तिथेच कळू शकते. त्याच्या वरचं आतडं पाहायला कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी लागते. कर्करोग बहुधा पॉलिप नावाच्या छोट्या कोंबापासून, कित्येक वर्षांत तयार होतो. असा कोंब दिसला तर बहुतेक वेळा त्याच दुर्बिणीतून काढून टाकता येतो. डॉक्टरांकडे जाताना रक्त कधीपासून येतंय, मळात मिसळलेलं असतं की वरून, सवय कधी बदलली, वजन घटलंय का आणि घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होता का, एवढं लिहून न्या. आयत्या वेळी संकोचामुळे यातलं निम्मं सांगायचं राहून जातं.