बिनखुणेच्या जुन्या बंदुकीचं मूळ: नागपूर भागाची पार्श्वभूमी

नागपूरच्या आसपासच्या जुन्या मालगुजारी वाड्यांत माळ्यावर कापडात गुंडाळलेली बंदूक आजही निघते. नाव नाही, साल नाही, शिक्का नाही. घरचे तिला ‘रायफल’ म्हणतात आणि ‘भोसल्यांच्या वेळची’ असंही सांगतात. या दोन गोष्टी एकत्र सहसा खऱ्या नसतात. नागपूरचे शेवटचे राजे तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. रायफल म्हणजे नळीत मळसूत्री खाचा असलेली बंदूक, आणि ती साध्या शिपायाच्या हाती सरसकट आली ती त्यानंतर. त्यामुळे आधी नळीत टॉर्च मारावा. आतून गुळगुळीत असेल तर ती रायफल नाहीच.

पण त्याच्याही आधी एक काम. तोंडाकडून भरायच्या, म्हणजे आपल्याकडच्या भरमार, बंदुका पुष्कळदा भरलेल्याच ठेवून दिल्या जात, आणि कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. बारीक लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहावी. टोक कानाच्या छिद्रापर्यंत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी दारू पेटवायला ठेवलेल्या भोकापर्यंत, पोचायला हवं. चार-सहा सेंटिमीटर आधीच थांबलं तर आत गंज साचला असेल किंवा बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, असेल. बारच आहे असं धरून हात थांबवावा.

१८१७ च्या २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीवर लढाई झाली, तेव्हा भोसल्यांकडच्या अरबांसारख्या पायदळाचं नेहमीचं हत्यार तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी, बंदूक होतं. इथल्या लोहारांकडे लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून नळी करायची रीत होती, म्हणून गंज हलका झाला की पृष्ठभागावर तिरक्या लाटा दिसतात. नळी दस्त्याला, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागाला, पितळी तारेने किंवा चामड्याच्या वादीने आवळलेली असते. दस्ता सरळ आणि अरुंद, खांद्यात नीट न बसणारा. कारागीर बरेचदा आपलं नाव घालत नसे. पुढे कित्येक तोडेदार बंदुका टोपीवर, म्हणजे घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर, चालणाऱ्या करून घेतल्या गेल्या. अशा बंदुकीच्या दस्त्यात तोडा धरणाऱ्या दांडीची जुनी फट वेगळ्या लाकडाने बुजवलेली सापडते. तेवढी एक ठिगळ दिसली की तिचं पहिलं आयुष्य कळलं.

कंपनीच्या फौजेची चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीने उडणारी, बंदूक ओळखायला सोपी. नळी ३९ इंच म्हणजे ९९ सेंटिमीटर, तोंड सुमारे १९ मिलिमीटर, आणि नळी लाकडात आडव्या पिनांनी अडकवलेली. १८२१ पासून कामठीला छावणी होती, तेव्हा अशी हत्यारं या भागात असणं स्वाभाविकच. चापाच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर आधी चार भागांचं हृदय आणि १८०८ नंतर उभा सिंह असे. पण चाप हा सगळ्यात जास्त बदलला जाणारा भाग आहे. त्याच्यावरून निकाल देऊ नये, नळीवरून द्यावा.

यापुढचा टप्पा सगळ्यात बोलका. १८५३ च्या एनफिल्ड या इंग्रजी रायफलची नळी तीन कड्यांनी धरलेली असते, आत तीन खाचा, तोंड १४.७ मिलिमीटर. बाहेरून हुबेहूब एनफिल्ड, पण आत गुळगुळीत आणि तोंड साडेसोळा ते पावणेसतरा मिलिमीटर भरलं, तर ती १८५७ नंतरची, हिंदी शिपायांसाठी केलेली. उठावानंतर इंग्रजांनी ठरवलं की यांच्या हाती लांब पल्ल्याचं हत्यार द्यायचं नाही. दूरचा नेम धरायची शिडीही त्यावर नसते. इतिहासाचा एवढा मोठा अविश्वास दोन मिलिमीटरमध्ये मोजता येतो. मोजताना व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) अगदी कडेला लावू नये, बार ठासायचा गज घासून तोंड फाकलेलं असतं. शक्य तितकं आतून माप घ्यावं.

शिकारीसाठी आलेल्या व्यापारी बंदुका बहुतेक बर्मिंगहॅमच्या किंवा बेल्जियममधल्या लिएजच्या. त्यांचे चाचणीचे शिक्के नळीच्या मागच्या टोकाला, बरेचदा लाकडाखाली असतात: लिएजचा अंडाकृती, बर्मिंगहॅमचा मुकुटाखाली फुलीसारखे राजदंड. शेजारचा १२ किंवा २४ हा आकडा साल नव्हे. नळीच्या मापाच्या शिशाच्या तेवढ्या गोळ्या एका पौंडात बसतात, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून ‘बिनखुणेची’ बंदूक खरोखर बिनखुणेची क्वचितच असते. दिवाळीच्या साफसफाईत पॉलिश पेपर किंवा बफिंगचं चाक फिरलं की वरचे शिक्के जातात, लाकडाखालचे राहतात. स्क्रूला आठवडाभर तेल द्यावं, पेचकसाचं टोक खाचेच्या मापाला घासून घ्यावं, मगच नळी उचलावी. नळीचं मागचं टोक बंद करणारा बूच मात्र फिरवू नये, तो निघताना नळी पिळते. ॲसिड नको. रॉकेलचा बोळा पुरे, आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरावा. कागद ठेवून पेन्सिल घासली तरी पुसट ठसा उठतो. कानशीने पाडलेल्या रोमन आकड्यांच्या खाचा नळी, बूच आणि स्क्रू यांवर सारख्याच असतील, तर हे भाग एकाच कारखान्यात एकत्र बसवलेले आहेत.

कायद्याचं एवढंच: १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही अशा जुन्या हत्याराला आहे. चालू शकणारी बंदूक कितीही जुनी असली तरी परवाना लागतो. शंभर वर्षांवरची असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती देशाबाहेर विकता येत नाही.