छोटा उपग्रह एसएसएलव्हीने सोडायचाय? परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

इस्रोचं एसएसएलव्ही हे छोट्या उपग्रहांसाठीचं रॉकेट घाईच्या कामासाठीच बनवलंय. उंची 34 मीटर, मुख्य तीन टप्पे घन इंधनाचे आणि 500 किलोपर्यंतचा भार 500 किलोमीटर उंचीवर नेण्याची ताकद. इस्रोच्याच मोठ्या पीएसएलव्ही रॉकेटपेक्षा ते कमी माणसांत, कमी दिवसांत उभं राहतं. 7 ऑगस्ट 2022 चं पहिलं उड्डाण फसलं आणि शाळकरी मुलींच्या सहभागातून घडलेला आझादीसॅट गेला. पण 10 फेब्रुवारी 2023 ला, म्हणजे सहाच महिन्यांत, आझादीसॅट-2 कक्षेत पोचलासुद्धा. रॉकेट तयार होण्याचा वेग असा वाढत असताना उपग्रह कागदांपायी जमिनीवर अडकून राहू नये, म्हणून अर्जाची तयारी आराखड्याबरोबरच सुरू करा.

परवानगी देते इन-स्पेस ही केंद्राच्या अंतराळ विभागाची स्वायत्त संस्था. तिचं मुख्यालय अहमदाबादजवळ बोपळला आहे. भारतीय अंतराळ धोरण 2023 आणि मे 2024 मध्ये आलेली नियमावली हा तिच्या कामाचा आधार. उपग्रह परदेशी रॉकेटने जाणार असला तरी भारतीय संस्थेला ही परवानगी लागतेच. अनेकजण इथेच गाफील राहतात.

अर्जदार भारतात नोंदलेली संस्था हवी: कंपनी, विद्यापीठ, न्यास वगैरे. परदेशी कंपनीला भारतीय उपकंपनी किंवा संयुक्त उपक्रमामार्फत यावं लागतं. उपग्रह बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपनीत 74 टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणूक सरकारी मंजुरीशिवाय चालते. त्यापुढे मंजुरी लागते.

आता फ्रिक्वेन्सी. सगळ्यात आधी हात घालावा तो याला, कारण इथला वेळ तुमच्या हातात नसतो. उपग्रह कोणत्या लहरींवर बोलणार, हे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या रेडिओ लहरींचं वाटप पाहणाऱ्या शाखेमार्फत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे कळवावं लागतं आणि इतर देशांच्या उपग्रहांना अडथळा होणार नाही हे पाहिलं जातं. कॉलेजचे संघ बहुधा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी राखलेला, लहरींचा पट्टा निवडतात. तो व्यावसायिक कामासाठी चालत नाही, आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेकडून समन्वय करून घ्यावा लागतो. संघात परवानाधारक हॅम असेल तर हे काम पुष्कळ सोपं होतं. एकदा ठरलेली फ्रिक्वेन्सी मध्येच बदलली तर रेडिओ, अँटेना आणि चाचण्या, सगळंच पुन्हा करावं लागतं.

बाकी अर्ज इन-स्पेसच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. संस्थेचं नोंदणीपत्र, भागधारक व संचालकांची माहिती आणि निधीचा तपशील जोडा. तांत्रिक भागात वस्तुमान, कक्षा, आयुर्मान, उपकरणं आणि भूस्थानकं कुठे आहेत ते लिहा. उपग्रहावर कॅमेरा असेल तर त्याची क्षमता नेमकी द्या, कारण सुरक्षेच्या अंगाने छाननी होते. काम संपल्यावर उपग्रह कक्षेतून कसा हटणार, याची योजना मनापासून लिहा. 2030 पर्यंत सर्व भारतीय मोहिमा अंतराळात कचरा न सोडणाऱ्या करण्याचं उद्दिष्ट इस्रोने जाहीर केलंय, त्यामुळे दोन ओळींत हा मुद्दा उरकू नका.

अर्ज आंतरमंत्रालयीन समितीपुढे जातो. कागद पूर्ण असतील तर निर्णयाला साधारण 75 ते 120 दिवस धरून चाला. त्या काळात कंपन आणि उष्णता-निर्वात चाचण्या उरकता येतात. इन-स्पेसचं अहमदाबादचं तांत्रिक केंद्र त्यासाठी उपयोगी पडतं. रॉकेटवरच्या जागेचा व्यावसायिक करार मात्र वेगळा असतो.

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा उपग्रह ‘स्वयम्’ जून 2016 मध्ये आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. तेव्हा इन-स्पेस नव्हतीच, विद्यार्थी थेट इस्रोशी बोलत. त्या काळातल्या सीनियरकडून मिळालेली अर्जाची फाइल आज जशीच्या तशी वापरू नका.

फक्त एखादं उपकरण तपासायचं असेल तर पूर्ण उपग्रहाचा हट्ट कशाला? पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उपग्रह सोडल्यावर कक्षेतच उपकरणं तपासायचा मंच म्हणून वापरतात, त्याला पोएम म्हणतात. त्यात जागा मागा. 30 डिसेंबर 2024 च्या उड्डाणात पोएम-4 वर 24 उपकरणं होती. त्यासाठीही इन-स्पेसकडेच जायचं.

उपग्रह कक्षेत गेल्यावर त्याची माहिती सरकारला द्या. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदवहीत तो भारताच्या नावे चढतो.