येऊर राखीव आहे म्हणून बंद? खुलासा

ठाण्यात वर्षानुवर्षं एक समज फिरतोय: डोंगर राखीव झाला की चालणाऱ्यांना दार बंद, मोकळा राहिला तरच पायवाटा आपल्या.

हे खरं नाही. ठाण्यालगतचा येऊरचा डोंगर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. त्याच्या २७व्या कलमाने प्रवेशावर निर्बंध आहेत, पण लगेच पुढचं २८वं कलम परवान्याने आत जाऊ देतं: अभ्यासासाठी, छायाचित्रणासाठी आणि पर्यटनासाठीही. अर्ज करा, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळेत जा. रात्री बिबट्याच्या वाटेवर आपण नसावं, हे मला तरी अगदी रास्त वाटतं.

खरा धोका ‘मोकळ्या’ टेकडीला आहे. ती बहुधा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. आज मालक हटकत नाही. उद्या जमीन विकली, पत्रे ठोकले, की वाट संपली. नुसत्या वहिवाटीच्या भरवशावर ती परत मिळवणं फार अवघड. घोडबंदर रस्त्यालगत इमारती कुठवर चढल्यात ते पाहा. राष्ट्रीय उद्यानाची हद्द नसती तर त्या थांबल्या असत्या का?

म्हणून मागणी करायची तर संरक्षण उठवण्याची नको. आखलेल्या वाटांची आणि सोप्या परवान्याची करू या.