पेटीची मोटर की कर्ण्याची?

"भावा, एचएमव्हीचीच मोटर हाय, बसतीया की." बंद पडलेल्या ग्रामोफोनसाठी मोटर शोधताना जुन्या सामानाच्या दुकानात हे ऐकलं की पाकीट लगेच काढू नये. एचएमव्हीच्या नावाखाली निदान दोन तऱ्हेच्या मोटरी फिरतात आणि वरवर बघितल्या तर सारख्याच वाटतात: दात्यांची चाकं, स्प्रिंगचा डबा, फिरत्या वजनांचा गव्हर्नर. एक सुटकेससारख्या पोर्टेबल पेटीची, दुसरी कर्ण्याच्या किंवा टेबलावरच्या मोठ्या यंत्राची.

पोर्टेबलची मोटर त्यातल्या त्यात लवकर सापडते. एचएमव्ही 102 हे मॉडेल 1931 पासून पुढं कितीतरी वर्षं विकलं जात होतं. उथळ पेटीत मावायची म्हणून ही मोटर बुटकी, आणि बहुधा एका स्प्रिंगवर चालणारी. मोठ्या यंत्राची उंच, वजनदार, बऱ्याचदा दोन स्प्रिंगांची.

दोन स्प्रिंगा म्हणजे तबकडी जास्त जोरात फिरते, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. वेग गव्हर्नर ठरवतो आणि दोन्हींकडं तो मिनिटाला 78 फेऱ्यांवरच लावायचा असतो. फरक पडतो तो ओढ किती आणि किती वेळ टिकते यात. दहा इंची तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपते, तेवढं पोर्टेबलची मोटर आरामात ओढते. पण बारा इंची तबकडी आणि सुई धरणारा जड साउंडबॉक्स लावला, की थकलेली एक स्प्रिंग शेवटाकडं ढेपाळते. वेग 78 वरून 73.6 च्या आसपास आला तर काळी दोनमधलं गाणं पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा स्वर खाली, उतरतं. गायक अल्लादियाखाँसाहेब ज्या कोल्हापुरात दरबारी गवई होते, तिथं हे खपवून घेऊ नये.

तरी खरी गफलत मापांत होते. जुनी मोटर सोडवून तिच्या फळीखाली पुठ्ठा धरा आणि स्क्रूची भोकं पेन्सिलनं उतरवून घ्या. मधल्या दांड्याची उंची मोजा, त्याचा निमुळतेपणा बघा. तो जुळला नाही तर तबकडी ठेवायची थाळी डुगडुगते किंवा खाली टेकते. हँडलच्या टोकाला आटे आहेत की खाच, तेही बघा. दुकानात जाताना हँडल आणि थाळी पिशवीतून बरोबर न्या. दोन्ही तिथंच बसवून बघता येतात.

माझ्या मते निर्णय लागतो तो हँडलच्या भोकावर. दांड्याला बूश, फळीखाली वॉशर, हँडलला नवे आटे, ही कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरातला चांगला टर्नर करून देईल. पण मोटरचा शाफ्ट पेटीच्या भोकासमोर येत नसेल तर ती मोटर सोडून द्या. जुन्या सागवानाला नवीन भोक पाडलं की यंत्राची किंमत गेली. शिलाई मशीनची मोटर बसवून देतो म्हणणारेही भेटतील. त्या मोटरचा वेग भाराप्रमाणं हलतो, ती तबकडीच्या कामाची नाही.

आणि मोटर खरंच मेलीय का? हँडल अडथळ्याशिवाय गरागरा फिरत असेल तर बहुधा स्प्रिंग तुटली आहे. चालताना आतून धाडकन आवाज येत असेल तर डब्यातलं ग्रीस सुकलं असावं. वेग सारखा वरखाली होत असेल तर गव्हर्नरच्या पात्या बघा. या तिन्ही दुखण्यांना नवी मोटर लागतेच असं नाही. डबा मात्र घरी उघडू नका. आवळलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फाडते.

वर्तुळाकार तबकडीऐवजी नळकांडं वाजवणारा खरा फोनोग्राफ असेल तर या दोन्ही मोटरी बाद. तिथं नळकांडं आडवं फिरतं, आणि तेही साधारण 160 च्या वेगानं.

आता एक गंमत. चकचकीत पितळी कर्णा लावून 'अँटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पेट्या अलीकडं जुळवलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात पोर्टेबलचीच मोटर असते. फळी उचला. लाकूड आतून कोरं, ताजं दिसलं आणि मोटर बुटकी निघाली, तर मोठ्या यंत्राची मोटर शोधत हिंडू नका. पोर्टेबलची घ्या, तीच तिथं बसेल.